यांना तपासू नये

माणसानं आयुष्यात एकदा तरी कुठल्यातरी संस्थेचा मानद खजिनदार व्हावं, म्हणजे त्याला 'मानद' या शब्दाचा अर्थ कळतो. मानद म्हणजे ज्याला दाम देत नाहीत तो. आणि सहा महिन्यांनंतर मानही देत नाहीत. मी बँकेत नोकरीला आहे आणि बी. कॉम. आहे, या दोन गुन्ह्यांबद्दल आमच्या डोंबिवलीच्या गृहनिर्माण संस्थेनं मला गेली सहा वर्षं या पदाची शिक्षा दिलेली आहे. दिवसभर काउंटरवर लोकांचे पैसे मोजायचे आणि रात्री घरी बसून शेजाऱ्यांचे मोजायचे. स्वतःचे मोजायला वेळ राहत नाही, आणि वेळ लागावा इतके ते नसतातही.

संस्थेची मेंटेनन्सची बिलं काढायला आमच्याकडे एक प्रोग्राम आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं कॉलेजात असताना तो लिहून दिला आणि मग तो कॅनडाला गेला. मुलगा गेला, प्रोग्राम राहिला. बिलं तशी ठीक काढतो. तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांना पार्किंगचे पैसे दोनदा लावतो, पण ते आम्ही पेन्सिलीनं वजा करतो. एवढं तर माणसाच्या बाबतीतही चालवून घ्यावं लागतं.

तर मार्चअखेरीची एक रात्र. बँकेत मार्चअखेर म्हणजे काय असतं ते मी सांगत नाही. ज्यांच्या घरात बँकवाला आहे त्यांना ठाऊक आहे आणि इतरांचा विश्वास बसणार नाही. रात्री दहा वाजता जेवून मी संस्थेची बिलं काढायला कॉम्प्युटरसमोर बसलो, तर प्रोग्राम जागेवर नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी पाटी आली. धोका आढळला होता आणि कारवाई करण्यात आली होती. किती धोका, कुणाला धोका, काय कारवाई, काही नाही. घरच्या कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसनं आमचा बिलांचा प्रोग्राम उचलून विलगीकरणात टाकला होता. विलगीकरण या शब्दाचा अर्थ 2020 सालानंतर कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलाला हाक मारली. हल्ली ज्याच्या घरात किंवा शेजारात एक असा मुलगा नाही तो माणूस खरा अनाथ. त्यानं पडद्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला,

"काका, फॉल्स पॉझिटिव्ह आहे हा."

"म्हणजे?"

"म्हणजे गुन्हेगार नाही, पण दिसतो तसा. घरगुती प्रोग्राम आहे, कुठल्या कंपनीची डिजिटल सही नाही, आणि फायली धडाधड उघडून बदलतो. त्याला वाटलं, व्हायरस असेल."

या वर्णनात न बसणारा एकही गृहस्थ आमच्या बँकेत नाही, हे माझ्या मनात आलं. पण मी गप्प राहिलो. "मग आता?"

"आता परत आणायचा आणि एक्स्क्लूजनमध्ये टाकायचा. म्हणजे याला पुन्हा तपासायचं नाही."

ही एक्स्क्लूजनची, म्हणजे वगळण्याची, सोय नावं बदलून बहुतेक सगळ्या अँटिव्हायरसांत असते. पहारेकऱ्याच्या हातात एक यादी द्यायची आणि वर लिहायचं : यांना तपासू नये. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरचं उदाहरण घेतलं तर त्यात ही माफी चार प्रकारची आहे. एक, फाइल : एकच नग, नावगावासकट. दोन, फोल्डर : म्हणजे त्याच्या पोटातली सगळी पिलावळही आपोआप माफ. तीन, फाइलचा प्रकार : अमुक आडनावाचा कुणीही आला तरी सोडायचा. आणि चौथा प्रोसेस. हा जरा सूक्ष्म आहे. यात एखाद्या चालू प्रोग्रामचं नाव लिहिलं, की तो ज्या ज्या फायलींना हात लावील त्या फायली तेवढ्यापुरत्या तपासायच्या नाहीत. गंमत अशी, की तो प्रोग्राम स्वतः मात्र तपासला जातो. माफी त्याला नाही, त्याच्या हातातून येणाऱ्या मालाला आहे. आणि तीसुद्धा चालू वेळेपुरती. ठरलेल्या वेळी सगळ्या घराची जी झडती होते, तिच्यात तो माल सुटत नाही.

मुलगा म्हणाला, "काका, फक्त ती एक फाइल टाका हं." आणि त्याच्या आईनं हाक मारली म्हणून तो गेला. मी फाइल शोधू लागलो. फाइल एका फोल्डरमध्ये, तो दुसऱ्यात, तो तिसऱ्यात. आमच्या सासुरवाडीच्या वाड्यात न्हाणीघर शोधताना व्हायचं तसं झालं. रात्रीचे अकरा वाजले होते. मी सरळ अख्खा डी ड्राइव्ह निवडला आणि 'होय' म्हटलं. कॉम्प्युटरनं एकदा विचारलं, खरंच का? मी पुन्हा 'होय' म्हटलं. बिलं निघाली. मी झोपलो.

झोपलो असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे पडून राहिलो आणि मला गुरुजी आठवले.

गुरुजी म्हणजे मला सातवीत गणित शिकवलेले गुरुजी. आता ऐंशीच्या पुढे आहेत, एका वाचनालयाचे चिटणीस आहेत आणि दर महिन्याला वर्गणीची रक्कम घेऊन आमच्या बँकेत भरायला येतात. वर्गणीदार बहुतेक त्यांच्याच वयाचे असल्यामुळे पैसे रोख असतात. गुरुजींची गड्डी मी डोळे मिटून ओळखीन. नोटा एका बाजूला तोंड करून लावलेल्या, वर कागदाची पट्टी आणि पट्टीवर शाईच्या पेनानं बारीक, सरळ अक्षरात : पाचशेच्या 24, शंभराच्या 31, एकूण रु. 15,100. अक्षर असं, की त्याच्याकडे पाहिलं तरी आपल्या पाठीचा कणा ताठ होतो.

गुरुजींची गड्डी मी कधी मोजत नव्हतो, यंत्रातूनही काढत नव्हतो. उभ्या उभ्या घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवायची, पावतीवर शिक्का मारायचा, "गुरुजी, तब्येत काय म्हणते?" विचारायचं. मागे रांगेतले लोक हे पाहत असत. त्यांच्या शंभराच्या दहा नोटा मी दोनदा मोजत असे आणि एखादी उजेडासमोर धरत असे. त्यांना राग येत असेल. पण मला स्वतःबद्दल फार बरं वाटे. आजच्या काळातही एका माणसाच्या अक्षरावर पंधरा हजार घेणारा कारकून आहे, ही भावना मला त्या दिवसापुरती महागाईभत्त्यासारखी पुरत असे.

एकदा संध्याकाळी दिवसाची रोकड यंत्रातून काढताना यंत्र थांबलं. पाचशेची एक नोट खोटी. गड्डीवर अजून ती कागदी पट्टी होती आणि पट्टीवर ते अक्षर.

खोट्या नोटेचे नियम सोपे आहेत. काउंटरवर सापडली तर ती परत द्यायची नाही, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारून ती जप्त करायची, नोंद करायची आणि भरणाऱ्याला पावती द्यायची. तिचे पैसे खात्यात जमा होत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत सापडल्या तर महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवतात. पाच किंवा जास्त असतील तर फिर्यादच. पण मी काउंटरवर ती पाहिलीच नव्हती. शिक्का मारून मी पूर्ण रकमेची पावती देऊन बसलो होतो. म्हणजे पाचशे रुपये माझे. ते मी भरले. नोट जप्त झाली, वहीत नोंद झाली. हेड कॅशियरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाची?" मी म्हटलं, "गर्दी होती. लक्षात नाही."

पाचशे रुपयांचं मला काही वाटलं नाही, असं मी म्हणालो तर माझ्या घरातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. पण त्याहून जास्त त्या 'लक्षात नाही'चं वाटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांशी खोटं बोललो होतो तेवढं रजेच्या अर्जात. रोकडीच्या बाबतीत कधी नाही. आणि ते मी कुणासाठी बोललो? गुरुजींसाठी म्हणावं, तर गुरुजींनी मागितलं नव्हतं. 'मी यांची गड्डी मोजत नाही' हे सांगायची लाज वाटली म्हणून बोललो. पुढे त्यावर विचार करताना माझ्या लक्षात आलं, की मी गुरुजींना दिलेली माफी चौथ्या प्रकारची होती. गुरुजी स्वतः चोख. शंभर वेळा तपासा, शंभर वेळा चोख निघतील. पण त्यांच्या हातातून जे जे येईल तेही मी चोख धरून चाललो होतो, आणि गुरुजी काही नोटा छापत नव्हते. त्या दुसऱ्याकडून त्यांच्याकडे येत होत्या.

चांगल्या माणसाला माफी दिली की ती त्याच्याजवळ थांबत नाही, त्याच्या मागे जी रांग उभी असते तिला मिळते. आणि वाईट माणसाला हे फार चांगलं ठाऊक असतं. तो कधी आपल्या नावानं येत नाही, गुरुजींच्या गड्डीतून येतो.

याचं एक मोठं उदाहरण आमच्याच धंद्यातलं आहे. लंडनची बेअरिंग्ज बँक 1762 साली स्थापन झालेली. म्हणजे इकडे पानिपताच्या पराभवाची बातमी पुण्यात अजून शिळी झाली नव्हती. ही बँक 26 फेब्रुवारी 1995 रोजी बुडाली. बुडवली ती सिंगापूरच्या कचेरीतल्या निक लीसन नावाच्या एका तरुणानं, आणि त्याचं हत्यार होतं एक खातं. त्याचा नंबर 88888. आठ हा आकडा चिनी लोकांत भाग्याचा मानतात. चुकांच्या नोंदीसाठी म्हणून हे खातं जुलै 1992 मध्ये उघडलं गेलं आणि लगेच काही दिवसांत लीसननं कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं, की लंडनला जाणाऱ्या अहवालांतून एवढं एक खातं वगळून टाक. यांना तपासू नये! कॉम्प्युटरवाल्यानं ते वगळलं. सौदे करणारा लीसन आणि त्या सौद्यांचे हिशेब लिहिणाऱ्या खात्याचा प्रमुखही लीसनच. म्हणजे गोलंदाज आणि पंच एकच. पुढच्या अडीच-पावणेतीन वर्षांत त्या खात्यात ब्याऐंशी कोटी पौंडांहून जास्त तोटा साठला, आणि दोनशे तेहेतीस वर्षांची बँक एका डच कंपनीला एका पौंडाला विकावी लागली. आमच्याकडे रद्दीवालासुद्धा वजन करून भाव लावतो.

लीसन हुशार होता, नफा दाखवत होता, लंडनच्या साहेबांचा लाडका होता. 1994 सालच्या अंतर्गत तपासणीत एकाच माणसाकडे दोन्ही कामं असल्याचा धोका लिहूनही दिला होता. पण लाडक्याला कोण विचारतो? त्याला माफीच्या यादीत टाकलेलं होतं. खातं क्रमांक 88888 त्याच्या मागून रांगेत आत शिरलं.

कॉम्प्युटरच्या जगात असाच प्रकार 2020 साली झाला. सोलरविंड्स नावाची अमेरिकन कंपनी मोठमोठ्या कचेऱ्यांच्या नेटवर्कवर लक्ष ठेवणारा ओरायन नावाचा प्रोग्राम तेव्हा विकत असे. काम नीट चालावं म्हणून ओरायनचे अमुक अमुक फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा, असा सल्ला कंपनीच्याच मदतीच्या पानावर होता. चोर तिच्या दुकानातच शिरले आणि त्यांनी मालात भेसळ केली. भेसळीचा माल कंपनीच्या अस्सल सहीशिक्क्यानिशी सुमारे अठरा हजार गिऱ्हाइकांपर्यंत गेला, त्यांत अमेरिकन सरकारची खातीही होती. चोरी त्या सल्ल्यामुळे झाली असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या दारातून चोर आला, त्या दाराशी पहारेकऱ्यानं उभं राहू नये अशी सूचना आधीच लावून ठेवलेली होती, एवढं खरं.

आणि व्हायरसांनाही या यादीची किंमत कळलेली आहे. पुष्कळसे व्हायरस आत शिरले की पहिलं काम कोणतं करतात, तर त्या यादीत स्वतःचं नाव लिहून घेतात. हे वाचलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. माणूसही दुसरं काय करतो? प्रत्येकाच्या मनात अशी एक यादी असते आणि तिच्यावरचं पहिलं नाव कुणाचं असतं, ते सांगायला ज्योतिषी नको.

आता तुम्ही म्हणाल, मग ही यादीच नको. सगळ्यांना तपासा. हेही जमत नाही. मोठमोठ्या डेटाबेसच्या फायली प्रत्येक वेळी उघडून तपासत बसलं, तर काम गोगलगाईसारखं चालतं. म्हणून खुद्द मायक्रोसॉफ्टच आपल्या काही प्रोग्रामांच्या अमुक फायली वगळाव्यात अशा याद्या देते. माणसांचंही तेच. ज्या घरात रोज सगळ्यांच्या खिशांची तपासणी होते, ते घर नव्हे, कस्टमचं ऑफिस. बायकोनं केलेल्या आमटीत मीठ आहे का, हे पाहावं. विष आहे का, हे पाहू नये. संसार ही गोष्टच मुळी बरंचसं न तपासता चालते. लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी एकमेकांना पुरतं तपासलं असतं, तर आपल्यापैकी निम्मे लोक जन्मालाच आले नसते.

म्हणजे प्रश्न असा उरतो : माफी द्यायची कुणाला, आणि ती देणारा मी कोण?

मला वाटतं, याचं उत्तर अंधारात पडल्या पडल्या मला अर्धंमुर्धं सापडलं. ज्याच्या चुकीचा फटका मलाच बसणार आहे, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवावा. तो माझा अधिकार आहे आणि आनंदही. मित्राला हातउसने दिलेले हजार रुपये मी लिहून ठेवत नाही. बुडाले तर माझे. पण काउंटरच्या अलीकडचे पैसे माझे नव्हते. तिथे मी गुरुजींवर ठेवत होतो तो विश्वास दुसऱ्याच्या खर्चानं होता. दुसऱ्याच्या पैशानं दानधर्म करणाऱ्याला आपण नावं ठेवतो. दुसऱ्याच्या जोखमीवर उदार होणाऱ्याला मात्र 'माणूस मोठ्या मनाचा' म्हणतो. माझं मन मोठं नव्हतं. मन मोठं असतं, तर 'कुणाची?' या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं असतं.

बँकांनी याच्यावर फार जुने उपाय काढून ठेवलेले आहेत. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासायची. अचानक येऊन रोकड मोजायची. रिझर्व्ह बँकेनं 2021 साली तर असं सांगितलं, की नाजूक जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग निदान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी. तेवढ्या काळात त्यांच्या जागी दुसरा बसतो आणि टेबलाखालचं जे काही असेल ते वर येतं. कारकुनाला रजा द्यायची आणि तीही सक्तीनं, हे वाचून आमच्या शाखेत काही जणांना गहिवरून आलं होतं. 'नाजूक जागा' कोणत्या ते कळल्यावर ओसरलं. पण यातली मेख पाहा. ती रजा संशयितांना नाही; त्या जागांवरच्या सगळ्यांना आहे. सगळ्यांना तपासलं, की कुणाचाच अपमान होत नाही.

अपमान होतो तो माझ्यासारख्यामुळे. कारण त्या खोट्या नोटेनंतरच्या महिन्यात मी काय केलं, ते अजून सांगायचं राहिलं आहे. गुरुजी आले. मी नेहमीप्रमाणे गड्डी घेतली, तब्येत विचारली, शिक्का मारला आणि "एक मिनिट हं, गुरुजी," म्हणून गड्डी आत नेऊन आडोशाला यंत्रातून काढून आणली. तोंडानं माफी, हातानं तपासणी! दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात मी परत आलो, तर गुरुजी काउंटरवर हात ठेवून शांत उभे होते. यंत्राचा आवाज त्या वयातही त्यांना ऐकू आला होता.

"खोटी निघाली होती का रे?"

मी मान खाली घातली. सातवीनंतर पहिल्यांदाच.

"किती?"

"एकच, गुरुजी. पाचशेची."

"आणि पैसे तू भरलेस."

"जाऊ द्या हो, गुरुजी. तुमच्याकडून कसे..."

"माझ्याकडून म्हणजे? मी कोण? वर्गणीदार सगळे ओळखीचे, म्हणून मीही निरखून पाहिली नव्हती. त्यांच्यापैकी एकाला भाजीवाल्यानं दिली असेल, आणि तो भाजीवालाही ओळखीचाच असणार." ते जरा थांबले. "मी तुला ताळा शिकवला होता का नाही?"

"शिकवला होता."

"उत्तर आल्यावर ताळा करून बघायचा. म्हणजे काय, गणितावर अविश्वास? ताळा सगळ्याच गणितांचा करायचा असतो, सोप्याचासुद्धा. तू माझी गड्डी मोजत नव्हतास, तो माझा मान नव्हता रे, तुझा आळस होता. आणि आत नेऊन मोजलीस, तो मात्र माझा अपमान होता."

मागे रांग उभी होती. गुरुजींनी पाकिटातून पाचशेची नोट काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ही आधी यंत्रातून काढ. माझ्यादेखत." मी काढली. खरी होती. त्या दिवशी मी हेड कॅशियरकडे जाऊन सांगितलं, की त्या दिवशीची ती नोट कुणाची होती ते मला लक्षात आहे. ते म्हणाले, "मलाही होतं. पट्टी वाचली होती मी." म्हणजे त्यांनीही मला माफीच्या यादीत टाकलेलं होतं. ही माफी किती मजल्यांपर्यंत जाते, देव जाणे.

तर मार्चअखेरीच्या त्या रात्री हे सगळं आठवत मी साडेबारा वाजता उठलो आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. यादीत एकच ओळ होती : डी ड्राइव्ह. त्या डी ड्राइव्हमध्ये संस्थेच्या प्रोग्रामखेरीज काय काय होतं? आमच्या लग्नापासूनचे फोटो, कन्येचा एम. एस्सी.चा प्रबंध, सौ.च्या महिला मंडळाची तीन वर्षांची इतिवृत्तं, आणि कुठून कुठून उतरवून घेतलेली, ज्यांच्या उगमाची चौकशी करू नये अशी जुनी नाट्यगीतं. त्या नाट्यगीतांच्या रांगेतून कोण आत आलं असेल कुणास ठाऊक; आणि प्रबंध गेला असता तो कन्येचा. दुसऱ्याच्या जोखमीवर मी पुन्हा उदार झालो होतो, बँक सोडून आता घरात.

मी ती ओळ काढून टाकली. वाड्यात शिरून न्हाणीघर शोधून काढलं आणि फक्त त्या एका फाइलचं नाव लिहिलं. संस्थेच्या डायरीतही लिहिलं : अमुक फाइल वगळली, तारीख, कारण, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे. हे पुन्हा पाहणंही महत्त्वाचं आहे. आपल्या एक्स्चेंज सर्व्हरच्या बाबतीत स्वतःच दिलेल्या यादीतल्या काही नोंदी आता काढून टाका, असं मायक्रोसॉफ्टनं 2023 साली सांगितलं होतं. त्यांना जर आपला जुना शब्द मागे घ्यायला लाज वाटत नाही, तर मानद खजिनदाराला का वाटावी?

मग अख्ख्या डी ड्राइव्हची झडती लावून दिली. ती चालू असताना वेळ जावा म्हणून घरखर्चाची वही उघडली. ही वही मी लिहितो. दूध, किराणा, वीज, कन्येची लोकल. सगळं पैशापैशाला लिहिलेलं. सौ.नं भाजीत दहा रुपयांची कोथिंबीर जास्त घेतली तर ती कोथिंबीर त्या वहीत सापडेल. आणि महिन्याच्या शेवटी एक ओळ : किरकोळ.

दिव्याच्या उजेडानं सौ. जागी झाली. मागे येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. फाइल, फोल्डर, गुरुजी, निक लीसन, पाच वेळा आठ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"किरकोळ, रुपये एक हजार एकशे चाळीस. हे काय असतं हो दर महिन्याला?"

"किरकोळ म्हणजे... किरकोळच. चहा वगैरे."

"स्टेशनसमोरचा बटाटेवडा, तुमचं पान आणि लॉटरीचं तिकीट. अकरा वर्षं बघतेय. ताळा केलाय मी."

तेवढ्यात झडती संपल्याची पाटी पडद्यावर आली. डी ड्राइव्हमध्ये धोका आढळला नव्हता. मी पेन घेतलं, 'किरकोळ'वर काट मारली आणि बटाटेवड्यापासून लिहायला सुरुवात केली.